बाटलीतली तिसरी चिठ्ठी

शहापूर,
२८ मे २०२५

प्रिय रविना,

तुझ्या आजीला, माझ्या भिमीला, जाऊन आज अडुसष्ट दिवस झाले. एवढ्या दिवसांत तुझे तीन फोन आले आणि तिन्ही वेळा मी ‘बरी आहेस ना, जेवतेस ना’ एवढंच विचारून सुटका करून घेतली. एकदा तर कुकर उतरवायचाय असं सांगितलं. कुकर लावलेलाच नव्हता. फोनवर मला खोटं पटकन सुचतं, म्हणून हे कागदावर लिहिते आहे. वसतिगृहाच्या खोलीत हे वाचशील तेव्हा दार लावून घे आणि शेवटपर्यंत वाच. मध्येच माझा राग येईल, तो यायलाच हवा, पण पत्र खाली ठेवू नकोस.

गेल्या रविवारी मी वैशाखऱ्याला जाऊन आले. किन्हवलीवरून सरळगाव, तिथे गाडी बदलून टोकावडं, आणि पुढे मिळेल त्या जीपने. फाट्यापासून तुमच्या वाडीपर्यंतची वाट पूर्वी मी बोलत बोलत चालायचे, आता तीनदा बसावं लागलं. तुझा बाबा धाऊ वीटभट्टीवरून परत आला आहे. धाऊने मला बसायला गोणपाट दिलं आणि काळा चहा केला. आजीची काठी अजून दाराच्या कुडाला टेकून उभी आहे. ती कुणी उचलत नाही. उठता उठता मी घरामागे गेले. कुड्याची झुडपं पांढऱ्या फुलांनी भरली आहेत. सवयीने वाकून बघितलं, तर तिसऱ्याच झुबक्यात ती बसलेली होती. पांढरीशुभ्र कोळ्याची मादी, पुढचे चार लांब पाय फाकून, एखाद्या चिंबोरी खेकड्यासारखी. आणि तिच्या पाठीवर तो, मोहरीच्या दाण्याएवढा, तपकिरी, पायांवर पट्टे. मी तिथेच मातीत बसले. धाऊला वाटलं मला ऊन लागलं, तो पाणी घेऊन धावत आला.

माझी आणि तुझ्या आजीची ओळख कशी झाली ते मी तुला लहानपणी पुष्कळदा सांगितलं आहे. पण मी जे सांगितलं त्यात मीच जरा बरी दिसायचे. आता उरलेलं सांगते.

१९९४ साल. मी इथे कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत होते आणि सिद्धगडापासून वैशाखऱ्यापर्यंतच्या रानातले खेकडा कोळी गोळा करत होते. जाळं न विणणारे, फुलात दबा धरून बसणारे, तिरके चालणारे. माझं वय तेहतीस, लग्न केलेलं नव्हतं, घरचंही कुणी विचारणारं नव्हतं. डोक्यात एकच वेड होतं, एक तरी नवी जात आपल्या हाताने नोंदवायची. आमची गोळा करायची रीत तुला ठाऊक आहे. उलटी उघडलेली छत्री झुडपाखाली धरायची आणि काठीने फांदी झोडपायची. जे पडेल ते चिमट्याने उचलून बाटलीत. असं झोडपत असताना मागून कुणीतरी जोरात हसलं. डोक्यावर लाकडाची मोळी घेऊन एक बाई उभी होती. तिने मोळी उतरवली, माझ्या हातातली काठी काढून घेतली आणि म्हणाली, “बाई, मारतेस कशाला गो झाडाला? बघ की नुसती. ती पळत नाय.”

ती भिमी. त्या दिवशी तिने मला तासाभरात अकरा कोळी दाखवले, एकाही फांदीला हात न लावता. तिची नजर कशी होती ते तुला वेगळं सांगायला नको. पुढे दोन वर्षं ती भट्टीवरून परतली की पाऊस लागेपर्यंत, आणि मग भादव्यात पिवळी सोनकी फुलली की पुन्हा, माझ्याबरोबर रानात यायची. पांढरी मादी पिवळ्या फुलात बसली की चार-सहा दिवसांत पिवळी होते, हे मी पुस्तकात वाचलं होतं. तिने ते रोज एकाच मादीपाशी जाऊन बघितलं होतं आणि कितव्या दिवशी पायांची टोकं पिवळी होतात तेही तिला पाठ होतं. ती त्यांना फुलातल्या चिंबोऱ्या म्हणायची. मी त्यांना थॉमिसस म्हणायचे. हे नाव १८०५ साली वॉल्कनेर नावाच्या फ्रेंच माणसाने दिलं, असं सांगितल्यावर तिने विचारलं, “त्यानं इथं येऊन बघितलंन?” नाही म्हटल्यावर तिचा त्या माणसातला रस संपला.

तू आठवी-नववीत असताना उन्हाळ्यात माझ्याकडे येऊन राहायचीस, तेव्हा झोपाळ्यावर बसून मी तुला याच माणसांच्या गोष्टी सांगायचे. स्वीडनचा सुंदेवाल, जो तरुणपणी जहाजाने कलकत्त्यापर्यंत येऊन गेला आणि पुढे ज्याने या साऱ्या खेकडा कोळ्यांचं एक कुळ मांडलं. स्टोलिच्का, जो दगड तपासायला हिंदुस्थानात आला, जाता जाता आपल्याकडच्या कोळ्यांना नावं देऊन गेला आणि लडाखच्या उंचीवर श्वास कोंडून मेला. तो कसा मेला हे तू पुन्हा पुन्हा सांगायला लावायचीस. तेव्हाच मी तुला हेही सांगितलं होतं की या मोठ्या माणसांनी चुकाही मोठ्या केल्या. युरोपातल्या एकाच फुलकोळ्याचा रंग बदलतो, म्हणून त्याला कितीतरी नावं पडली. नराला एक नाव, मादीला दुसरं, असंही वरचेवर झालं. मग कुणीतरी येऊन ते दोघं एकच असल्याचं दाखवतो आणि आधीचं नाव राहतं, नंतरचं त्याच्या पोटात जातं. तेव्हा तू विचारलं होतंस, “ज्याचं नाव गेलं त्याला कळवतात का बाई?” मी हसले होते. तो बहुतेक मेलेला असतो, असं म्हणाले होते.

आपल्या पांढऱ्या मादीचं नाव मी लावलेलं नाही, ते फार जुनं. थळघाटात रेल्वेचं काम चालू असताना हार्टली नावाच्या इंजिनियरने एक मादी बाटलीत घालून विलायतेला पाठवली. तिकडे कुणीतरी ती एकटी मादी बघून नवी जात म्हणून नोंदवली आणि इंजिनियरसाहेबाचं नाव दिलं. थॉमिसस हार्टलीआय. नर कुणीच पाहिला नव्हता. ही हकिकत ऐकून तू म्हणाली होतीस, “पण बाटली भरली कुणी? साहेब झुडपात शिरला असेल?” मला तेव्हा तुझा इतका अभिमान वाटला की मी दुसऱ्या दिवशी कॉलेजात सगळ्यांना सांगत सुटले. घाटात मातीच्या पाट्या वाहणाऱ्या कुणा बाईने ती मादी साहेबाच्या हातावर ठेवली असेल, हे मी तुझ्याशी बोलताना अगदी सहज कबूल केलं. दुसऱ्याच्या बाबतीत कबूल करायला काहीच लागत नाही.

आता १९९४ च्या जूनमधला एक दिवस. माझ्या छत्रीत एक मोहरीएवढा तपकिरी नर पडला. वयात आलेला, पण असा मी कुठेच बघितला नव्हता. आदल्याच आठवड्यात त्याच झुडपात मला जरा मोठा, फिकट नर मिळाला होता आणि पांढऱ्या मादीचा जोडीदार तोच, असं मी ठरवून टाकलं होतं. वहीत तसं लिहूनही ठेवलं होतं. म्हणजे तिचं लग्न मी आधीच लावून मोकळी झाले होते. तेव्हा हा तपकिरी बुटका कोण? भिमीने छत्रीत डोकावून बघितलं आणि म्हणाली, “ह्याला कशाला धरलास? हा तिचा दादला.” मी म्हटलं, अगं, केवढी ती आणि केवढा हा. तर म्हणाली, “मंग? रोज तिच्या पाठीवर बसलेला असतो. काम नाय, धंदा नाय, नुसता बसतो. आमच्या घरातला पन तसाच.” आम्ही दोघी पोट धरून हसलो. तुझे आजोबा तेव्हा जिवंत होते आणि चार पावलांवर बिडी ओढत बसले होते.

हसले आणि विसरले. भिमीने तो जोडा फुलावर बसलेला पाहिला होता, एकदा नाही, रोज. मी फांदी झोडपून गोळा करत होते. माझ्या छत्रीत जे पडायचं ते सुटं सुटं पडायचं. पाठीवर कोण होतं आणि कुणाच्या, ते छत्रीत दिसत नाही. एवढी साधी गोष्ट माझ्या लक्षात आली नाही असं मी इतकी वर्षं स्वतःला सांगत आले. लक्षात आली होती गं. पण नवी जात हातात आल्यावर ती सोडवेना.

१९९६ साली माझा लेख छापून आला. थॉमिसस भिमीए. मी तुझ्या आजीचं नाव दिलं, ते मनापासून दिलं, यावर तू विश्वास ठेव. छापील लेखाची एक प्रत तिला नेऊन दिली आणि तिचं नाव कुठे आहे ते बोट ठेवून दाखवलं. तिने ते बोटाने चाचपून बघितलं. मग तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून वर छपरात खोचला. पुढे तिला एका कचेरीत जातीच्या दाखल्यासाठी काहीतरी पुरावा मागितला, तेव्हा ती हाच लेख घेऊन गेली. जमिनीचा कागद नाही, शाळेचा नाही, जन्माचा नाही, तिच्या नावाचा एवढाच छापील कागद तिच्याकडे होता. टेबलावरच्या माणसाने इंग्रजी वाचून कोळ्याचं चित्र बघितलं आणि विचारलं, ही तुझी जात काय? सगळी कचेरी हसली म्हणे. मला सांगताना तीही हसत होती. मी हसले नाही, पण मी काही केलंही नाही.

तू एम.एस्सी. झालीस, पुण्याला संशोधनाला लागलीस, तेव्हा वाडीत पहिल्यांदा असं कुणी झालं म्हणून मी पेढे वाटले. आणि तू विषय कुठला निवडलास? तुझी आजी तुला लहानपणापासून जे सांगत आली तोच. तू एका पांढऱ्या मादीच्या अंड्यांची पिशवी कुड्याच्या वळलेल्या पानासकट उचललीस आणि औषधाच्या बाटल्यांत एकेक पिल्लू वेगळं ठेवून डास आणि फळमाश्या खाऊ घालून वाढवलीस. एकसष्ट पिल्लांतली अकरा जगली. चार पांढऱ्या माद्या निघाल्या आणि सात मोहरीएवढे तपकिरी नर. एका आईची पोरं. मागच्या जूनमध्ये तू मला फोन केलास. “बाई, आजी बरोबर होती,” म्हणालीस. आणि लगेच म्हणालीस, “पण मग आजीचं नाव जाईल ना?”

जाईल, मी म्हटलं. हार्टलीचं आधीचं. नियम तसाच आहे.

मग तू ती विनंती केलीस. तुझ्या मार्गदर्शकांचं म्हणणं होतं की १९९६ सालचा मूळ नर, ज्याच्यावरून मी जात नोंदवली तो, प्रत्यक्ष तपासल्याशिवाय दोन्ही एकच असं छापता येणार नाही. माझ्या लेखातलं चित्र त्या कामाचं नाही, हे तू फार हळुवारपणे सांगितलंस. ते चित्र खरंच वाईट आहे. नराच्या तोंडापुढच्या त्या बोंडांसारख्या दोन अवयवांवरून सगळं ठरतं आणि मी तिथे दोन बटाटे काढून ठेवले आहेत. तेव्हा मूळ बाटली हवी. ती मिळाली असती तर पावसाळ्यात तुझा लेख पूर्ण झाला असता आणि दिवाळीपर्यंत छापून आला असता.

मी तुला सांगितलं की कॉलेजातली कपाटं हलवली त्या वर्षी बाटलीतलं स्पिरिट उडून गेलं आणि नराचा चुरा झाला. तू ‘अरे रे’ म्हणालीस. माझंच सांत्वन केलंस. नंतर दोनदा विचारलंस, की बाई, चुरा तरी असेल का, एखादा पाय तरी? मी म्हटलं, टाकून दिलं गं सगळं.

रविना, ती बाटली माझ्या घरात आहे. देव्हाऱ्याखालच्या लाकडी पेटीत. कॉलेजातला तो विभाग बंद झाला तेव्हा मी ती पिशवीत घालून घरी आणली आणि तेव्हापासून दर दिवाळीला आणि दर होळीला तिच्यात स्पिरिट भरत आले आहे. नर शाबूत आहे. आठही पाय, दोन्ही बोंडं. माझे केस पांढरे झाले, पण त्याच्या पायांवरचे पट्टे अजून फिके झाले नाहीत.

मी मनाशी काय म्हणत होते तेही सांगते. म्हणत होते, भिमी म्हातारी झाली आहे, तिच्याकडे दुसरं आहे काय? तिचं एवढं एक नाव जगात छापलेलं आहे, ते तिच्या हयातीत तिच्याच नातीच्या हातून कशाला पुसायचं? ती गेल्यावर बघू. असं म्हटलं की मला फार बरं वाटायचं. आपण कुणासाठी तरी खोटं बोलतो आहोत असं वाटलं की झोपही लागते.

या वर्षी माघात मी तिला भेटायला गेले होते. तू परीक्षेच्या कामात होतीस. खोकल्यामुळे ती भट्टीवर गेली नव्हती आणि वाडीत ती आणि दोन-तीन म्हाताऱ्या एवढ्याच होत्या. उन्हात बसून आम्ही बोललो. ती फार वाळली होती, पण डोळे तसेच होते. माझ्या पदरावर चढलेली मुंगी तिने लांबून दाखवली. मग म्हणाली, “रविनानं बाटल्यांत पोरं वाढवलीन ना गो? काय निघालं त्यांचं?” तू तिला सांगितलं नव्हतंस. तिचं नाव जाणार हे तिला कसं सांगायचं, म्हणून तूही थांबली होतीस, मूळ नराचा निकाल लागेपर्यंत. मी जर बाटली दिली असती तर तुला सांगावंच लागलं असतं.

मी म्हटलं, अजून काही कळलं नाही भिमी. तपासणं चालू आहे.

ती खोकली, थुंकली आणि म्हणाली, “कळल. तो दादलाच हाय. तुमी लय टाइम लावता.” मला राहवलं नाही. मी विचारलं, आणि समज तो दादलाच निघाला, तर तुझं नाव कागदावरून जाईल, चालेल तुला? तिने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी काहीतरी खुळ्यासारखं बोलले आहे. म्हणाली, “नावाला काय करू? कागद उंदरांनी खाल्ला कवाच. पन मी बोललेली ते खरं का खोटं, ते सांग ना तू.”

तिने सरळ विचारलं होतं. माझ्या घरी पेटीत उत्तर होतं आणि तोंडातही होतं. अकरा पिल्लांची हकिकत मला तोंडपाठ होती. फक्त ‘खरं’ एवढंच म्हणायचं होतं, तेवढ्याला तिथे बाटली लागत नव्हती की लेखही लागत नव्हता. मी म्हटलं, बघू, कळलं की सांगेन. मग तिने विषय सोडला आणि मला वालाच्या शेंगा बांधून दिल्या. होळीनंतर आठ दिवसांनी ती गेली. तू पोचलीस तेव्हा माती झाली होती, आणि मला तर धाऊचा निरोप तिसऱ्या दिवशी मिळाला.

तिला नावाची पर्वा नाही हे मला माघातच कळलं होतं. तिथून पुढे माझ्याकडे कुठलीच सबब उरली नव्हती. तरीही मी परत आल्यावर पेटी उघडली नाही. होळीला स्पिरिट भरलं आणि पुन्हा बंद केली. तेव्हा मला माझं कळलं. आमच्या रीतीत प्राण्याच्या नावापुढे नोंदवणाऱ्याचं नाव आणि साल लागतं. भिमीच्या नावापुढे माझं नाव लागतं. तीस वर्षं नोकरी केली, शंभर बाटल्या भरल्या आणि जगाच्या यादीत माझं नाव एकाच ठिकाणी आहे, तिच्या शेजारी. तिचं गेलं की माझंही जातं. मी तिचं नाव राखत नव्हते गं. माझं राखत होते आणि तिला पुढे उभं केलं होतं.

गेल्या रविवारी कुड्याच्या फुलावर ते दोघं दिसले, ती पांढरी आणि तिच्या पाठीवर तो. एकतीस वर्षांत मी पहिल्यांदा नुसती बघत बसले. छत्री नव्हती, काठी नव्हती. अर्धा तास तरी बसले असेन. तो खरंच काही करत नाही. नुसता बसतो.

धाऊ म्हणाला, “बाई, रडू नको. म्हातारी सुखानं गेली.” मी त्याला काही सांगितलं नाही. पहिल्यांदा तुला सांगायचं होतं.

या पत्रासोबत एक खोकं येत आहे. आपल्या कॉलेजची जुनी विद्यार्थिनी अनिता परवा पुण्याला येते आहे, ती तुझ्या हातात देईल, टपालाने पाठवायचा धीर झाला नाही. खोक्यात माझी १९९४ ची रानातली वही आहे. ११ जूनच्या पानावर तुला माझ्या अक्षरात एक ओळ सापडेल: ‘भिमी म्हणते हा पांढरीचा दादला. हसू आले. चूक.’ तुझ्या लेखात ही ओळ जशीच्या तशी छाप, शेवटच्या शब्दासकट. माझ्यावर दया म्हणून तो शब्द गाळू नकोस. आणि वहीखाली कापसात ती बाटली आहे. बाटलीतल्या चिठ्ठ्यांची रीत मीच तुला शिकवली. शाई स्पिरिटमध्ये विरघळते म्हणून शिसपेन्सिलीने लिहायचं. एका चिठ्ठीवर कुठे आणि कधी सापडला ते, दुसरीवर कुणी काय म्हणून ओळखला ते. पुढे कुणी नव्याने ओळखलं तर त्याने आपली चिठ्ठी आत टाकायची, पण आधीची कुणी काढायची नाही, चुकीची असली तरी. म्हणून माझ्या त्या दोन आहेत तशाच ठेवल्या आहेत. तू मला माफ करावंस म्हणून हे लिहिलेलं नाही, ते तुझं तू बघ. जिने विचारलं होतं तिला उत्तर द्यायचं राहिलं, आणि आता ते द्यायला माझ्याकडे ही बाटली आणि तू एवढंच आहे, म्हणून लिहिलं. आज सकाळी मी पेन्सिलीला टोक काढलं आणि तिसरी चिठ्ठी लिहून आत सोडली. अक्षर नीट लागलं नाही तर म्हणून इथेही लिहून ठेवते: ‘हार्टलीआय, नर. मादीच्या पाठीवर पाहून ओळखला: भिमी, वैशाखरे, जून १९९४.’

तुझ्या आजीची बाई,
जयश्री